माजी विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत

प्रश्न : माझ्या मुलीने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे पदवी प्रवेशासाठी अर्ज केला असून तेथील एका माजी विद्यार्थ्याने तिला ऑनलाइन मुलाखतीसाठी ई-मेल पाठवला आहे. निवड याच मुलाखतीवर ठरते का? मी तिच्याजवळ बसावे का? तिच्या मैत्रिणीला मात्र बोलावणे आलेले नाही.
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : निवड या मुलाखतीवर ठरत नाही. मुलाखत घेणारे माजी विद्यार्थी स्वयंसेवक असतात. ते झालेल्या संभाषणाचा अहवाल प्रवेश कार्यालयाला पाठवतात आणि निर्णय ते कार्यालय संपूर्ण अर्ज पाहून घेते. मुलाखतकारासमोर मुलीचा अर्ज, गुण किंवा निबंध नसतात, त्यामुळे निबंधात लिहून झालेली गोष्टही तिने पुन्हा मोकळेपणाने सांगावी. ‘मला विज्ञानाची आवड आहे’ एवढ्यावर थांबण्यापेक्षा गच्चीवर स्वतः जोडलेला पर्जन्यमापक पहिल्याच पावसात का बिघडला आणि तो तिने कसा दुरुस्त केला, हे सांगितले तर अहवालात लिहिण्याजोगे काही मिळते. पाठ केलेली उत्तरे अनुभवी माणसाला लगेच कळतात. आपण जवळ बसू नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे; पालक शेजारी असले की मुले त्यांच्याकडे पाहून बोलतात. आणि हो, तिनेही प्रश्न विचारावेत, विशेषतः वसतिगृहातील पहिल्या वर्षाविषयी, कारण ती माहिती पत्रकात सापडत नाही.

मैत्रिणीने घाबरू नये. स्वयंसेवक सर्वत्र पुरेसे नसतात आणि मुलाखत झाली नाही म्हणून अर्जाचे नुकसान होत नाही, असे ही संस्था स्पष्टपणे सांगते. हार्वर्डचेही धोरण असेच आहे.