घरची गरिबी आणि वयात येणाऱ्या मुलांची तब्येत यांचा खरंच संबंध असतो का, की सगळा सवयींचा प्रश्न?

सवयींचा भाग असतोच. पण सवय लागायला माणूस एका जागी टिकावा लागतो.

माझे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दिवाळीच्या सुमारास गाडी भरायची ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, आणि मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) आधीच खर्च झालेली. एका दिवसाचा खाडा पडला की आमचे पाचशे कापले जायचे. अशात अंगावरून जास्त जातंय म्हणून कोणती बाई कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, पडून राहील? आईनं चार हंगाम दुखणं अंगावर काढलं आणि पस्तिशीच्या आत पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकली. ऑपरेशनचे पैसेही मुकादमानेच दिले, म्हणजे ते पुढच्या उचलीत धरले गेले. दोन महिन्यांत ती परत डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढत होती.

आमच्या एकट्या घराची ही गोष्ट नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने याच प्रश्नावर आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहातली एक.

आता मुलांचं. आई-बाप फडात, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, गेले की लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, मी त्यातच वाढलो. धाकट्या बहिणीला मात्र सातवीपासून सोबत नेलं, कारण वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची? पहाटे चारला उठून भाकरी थापणं, पाणी आणणं, लहानग्याला सांभाळणं. जेवायला सगळ्यांत शेवटी, भाकरी-चटणी आणि वर कोरा चहा. जेवणावर चहा घेतला की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. नववीत तिचं हिमोग्लोबिन आठ भरलं. बारा तरी हवं. डॉक्टर म्हणाले, पालेभाज्या खा, डाळिंब खा. डाळिंब! फडात!

किशोरवयीन मुलींना शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी फुकट मिळते. आमच्या शाळेत सोमवारी वाटायचे. हजेरीपटावर बहिणीचं नाव वर्षभर होतं, पण दिवाळीनंतरच्या सोमवारी ती दीड-दोनशे किलोमीटरवर कोपीसमोर चूल पेटवत असायची.