बोर्ड बंद केलं की बायोस विसरतो

प्रश्न : पंचवटी कारंजाजवळ माझं लग्नपत्रिकांचं डीटीपी आहे. २०१९ला असेंबल करून घेतलेला पीसी विंडोज ११साठी ‘सिक्युअर बूट’ (सुरू होताना सह्या तपासणारी सुरक्षा) मागतो. भाच्याने बायोसमध्ये (पीसी सुरू करणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय, बंद केलं, तर काळ्या स्क्रीनवर ‘नो बूट डिव्हाइस’. घाबरून भिंतीवरचं बटण बंद करून घरी गेले. सकाळी पीसी आपोआप सुरू! फक्त तारीख १ जानेवारी २०१९. पण ती महिनाभर रोजच तशी येते. डेटा जाईल का?

उत्तर : ताई, डेटा जागेवर आहे. तुम्ही ‘फक्त’ म्हणून उरकलीत ती तारीखच निम्मं उत्तर आहे. मदरबोर्डवरचा, वीज नसताना तारीख आणि सेटिंग जपणारा सीआर२०३२ सेल संपलाय. रात्री वीज तोडली की बायोस भाच्याने केलेलं सगळं विसरतो, कंपनीच्या मूळ सेटिंगवर येतो, सीएसएम परत चालू. म्हणून पीसी उठला. सातपूरच्या एका कारखान्यात याच सेलपायी मी तीन खेपा घातल्या. सगळं नीट लावून यायचो, सुट्टीनंतर पुन्हा फोन. चौथ्यांदा मीटर लावला : २.३ व्होल्ट. नवा सेल तीनचा असतो. लाज वाटली, पैसे घेतले नाहीत.

तेव्हा आधी सेल बदला.

आता काळी स्क्रीन. ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसेल. म्हणजे डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची. सीएसएमशिवाय ती सुरू होत नाही, आणि सीएसएम असेपर्यंत सिक्युअर बूट चालत नाही. पत्रिकांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे टाळू नका. मग विंडोज १०मध्येच असलेल्या ‘एमबीआर टू जीपीटी’ने (डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करणारं साधन) आधी ‘व्हॅलिडेट’ म्हणजे तपासणी, ती पास झाली तरच ‘कन्व्हर्ट’ म्हणजे बदल. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (मुख्य भाग) असतील तर ते नाही म्हणेल. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहा आणि कन्व्हर्ट करण्याआधी तो थांबवा.

त्यानंतरच सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू. ‘नॉट ॲक्टिव्ह’च दाखवलं तर त्याच पानावर ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ दाबा. सह्या तपासायच्या किल्ल्याच भरलेल्या नसतात कधीकधी.

भाच्याला रागावू नका. त्याने बटण बरोबर शोधलं होतं, फक्त क्रम चुकला.