आउटबोर्ड मोटर: पाण्याची धार बारीक झाली तर सीझन संपायची वाट बघू नका

बोटीच्या मागे टांगलेल्या या इंजिनाबद्दल तेच प्रश्न फिरून फिरून येतायत, म्हणून एकदाच बसून लिहितो.

प्रश्न: टू-स्ट्रोक घेऊ की फोर-स्ट्रोक?
साधी कार्बोरेटरवाली टू-स्ट्रोक हलकी, उघडायला सोपी, पण पेट्रोल पिते आणि धूर सोडते. फोर-स्ट्रोक शांत, पेट्रोल कमी, पण वजनदार, आणि तिचं ऑइल-फिल्टर वेळेवर बदलावं लागतं. आधी बोटीच्या प्लेटवर जास्तीत जास्त किती एचपी लिहिलंय ते वाचा. मागची फळी वजन पेलेल का हे बोट समोर ठेवूनच ठरतं, फोटोवरून नाही.

प्रश्न: टू-स्ट्रोकला ऑइल थोडं जास्त घातलं तर इंजिन टिकतं म्हणतात, खरंय का?
नाही. मॅन्युअलमध्ये 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, विषय संपला. जास्त घातलं की प्लग काळे पडतात आणि कार्बन साचतो. नव्या इंजिनला रन-इनपुरतं (सुरुवातीचे काही तास) प्रमाण वेगळं असू शकतं, तेही मॅन्युअलमध्येच दिलेलं असतं. आणि डब्यावर टीसी-डब्ल्यू3 (पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकच्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघून घ्या, स्कूटरचं ऑइल यात चालत नाही, दुकानदार काहीही म्हणू दे.

प्रश्न: मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक येतेय, पण इंजिन तापल्याचा अलार्म वाजत नाही. सीझन संपल्यावर दाखवलं तर चालेल?
नाही चालणार! अहो, अलार्म वाजेपर्यंत थांबायचं म्हणजे घरात धूर दिसतोय पण जाळ दिसला की बघू असं झालं. आधी इंजिन बंद करून धारेच्या भोकात बारीक तार घाला, कधीकधी नुसती वाळू किंवा मीठ अडकलेलं असतं. तरी धार सुधारली नाही तर इम्पेलर बघायचा. हे खाली गिअरकेसवरच्या (प्रोपेलरच्या गिअरची पेटी) पंपात बसलेलं रबराचं चाक, पाती एका बाजूला दाबली जातात म्हणून पाणी वर ढकललं जातं, आणि त्या रबराला वंगण कसलं तर त्याच पाण्याचं. म्हणून "फक्त चालू होतं का बघतो" म्हणत कोरडं इंजिन फिरवलं की काही सेकंदांत पाती भाजतात. महिनोन्‌महिने बंद पडून राहिलं तरी पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. मी उघडलेल्या एका पंपात दोन पाती गायब होती, मालकाने नवा इम्पेलर टाकला तरी इंजिन तापतच होतं, कारण ते तुटलेले तुकडे वरच्या पाण्याच्या नळीत अडकून बसलेले, ते शोधायला अर्धा दिवस गेला. म्हणून पात तुटलेलं दिसलं तर तुकडा सापडेपर्यंत जोडणी करू नका. आणि धार जोरात आहे म्हणजे सगळं ठीक असंही नाही, थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) अडकला तरी धार येत राहते. खाऱ्या पाण्यातून आलात की दरवेळी गोड्या पाण्याने धुवा. कानपट्ट्या (पाणी ओढायच्या भोकांवर बसणारे, पाइप जोडलेले रबरी कप) लावून धुत असाल तर आधी पाणी सोडायचं, मग इंजिन, गिअर न्यूट्रल आणि हात पंख्यापासून (प्रोपेलर) लांब. पाइप जोडायची वेगळी सोय असेल तर मॅन्युअल बघा, बऱ्याच मॉडेलला तिथून धुताना इंजिन बंदच ठेवायचं असतं. इम्पेलर स्वस्त आहे, पॉवरहेड (वरचं मुख्य इंजिन) नाही. याच आठवड्यात मेकॅनिक गाठा.

प्रश्न: गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं.
पाणी शिरलंय. पंखा काढा, मागे गुंडाळलेली मासेमारीची दोरी सापडेल बहुतेक, तीच सील कापते. नुसतं ऑइल बदलून भागणार नाही, प्रेशर टेस्ट (हवा भरून गळती तपासणं) करून घ्या. भरताना खालच्या भोकातून भरा, वरून बाहेर येईपर्यंत, आणि स्क्रूचे वॉशर नवीन घाला.

प्रश्न: ऍनोडला पण रंग मारू का? खराब दिसतोय.
नको. तो धातूचा तुकडा इंजिनाऐवजी स्वतः झिजण्यासाठीच आहे. खाऱ्या पाण्याला झिंक किंवा अल्युमिनियम, गोड्याला मॅग्नेशियम, अर्धा झिजला की बदला.

प्रश्न: चार महिन्यांचं पेट्रोल टाकीत आहे, दुकानात एक बाटली मिळते ती ओतली की ताजं होतं म्हणे?
होत नाही. स्टॅबिलायझर ताज्या पेट्रोलमध्ये घातला तर ते जास्त दिवस टिकतं, शिळ्याचं ताजं करणारी बाटली अजून कोणी बनवलेली नाही, विकणारे मात्र पुष्कळ आहेत. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, ते पाणी तळाला बसतं आणि नळी तळातूनच ओढते. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, आणि तरी इंजिन खोकत असेल तर कार्बोरेटर स्वतः उघडू नका, त्यातले जेट (पेट्रोल जायची भोकं) बारीक असतात, सुई घालून भोक मोठं करून आणलेले दोघेजण याच महिन्यात आले होते.