ठशाविना पातळ पत्र्याचे काम : सुरुवात कशी करावी

आपण रेल्वेच्या प्रतिकृतीसाठी दिव्यांची झाकणे आणि तत्सम छोटे भाग घडवू इच्छिता, हे वाचून आनंद झाला. ठसा (पत्रा दाबून आकार देण्याचा साचा) नसला तरी ही कामे उत्तम होतात, मात्र प्रारंभी ॲल्युमिनियमच्या नादी न लागता 0.1 मि.मी. जाडीचा तांब्याचा पत्रा घ्यावा. इंदुरात तो कसेरा बाजारात विचारून पाहावा. कोरणीसारखी अवजारे तिथल्याच सराफा बाजारात दिवसा मिळू शकतात (रात्री तिथे फक्त खाण्याचेच बेत होतात).

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्रा मऊ करणे. तांबे दाबता दाबता कडक होत जाते आणि तरीही जोर लावत राहिल्यास नेमके कोपऱ्यावर फाटते. म्हणून पत्रा हाताला ताठर वाटू लागताच तो मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवावा. पोलादाप्रमाणे तांबे त्यामुळे कडक होत नाही. ॲल्युमिनियमवर हा प्रयोग करू नये, ते लाल न दिसताच वितळते.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- एकाच दाबात पूर्ण खोली गाठणे. रबराच्या तुकड्यावर पत्रा उलटा ठेवून, संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने कडेकडून मध्याकडे हलकेच फिरत राहावे.
- आधी कापणे आणि मग घडवणे. कात्रीने कडा मुरडतात, म्हणून आकार पूर्ण झाल्यावरच काचेवर धारदार पात्याने कापावे.

झाकण तयार झाल्यावर पाठीमागून इपॉक्सी (घट्ट होणारा गोंद) भरावे, म्हणजे ते चेपत नाही. डाख देण्याचे (सोल्डरिंगचे) तूर्त मनातही आणू नये.