वाचकांचे प्रश्न : हेपॅरिनचा लेप आणि पेशींची वाढ

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मांडीत कृत्रिम रक्तवाहिनी बसवली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूस हेपॅरिनचा लेप असल्याने तेथे रक्त गोठणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. करणारी माझी मुलगी मात्र प्लास्टिकच्या तबकडीवर हेच हेपॅरिन लावून त्यावर पेशी वाढवते. जे द्रव्य काही चिकटू देत नाही, त्यावर पेशी कशा रुजतात?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ‘काही चिकटू देत नाही’ या आपल्या शब्दांतच खरी मेख आहे. हेपॅरिन ही शर्करा घटकांची लांब साखळी असून तिच्यावर सल्फेट गटांची इतकी दाटी असते की, सजीवांतील ज्ञात द्रव्यांमध्ये सर्वाधिक ऋणभार असलेल्यांत तिची गणना होते. त्यामुळे ज्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर धनभाराचे पट्टे असतात, त्यांना ती धरून ठेवते. अँटीथ्रॉम्बिन हे रक्त गोठण्याची क्रिया थोपवणारे प्रथिन त्यांपैकीच एक. पेशींना विभाजनाचा संदेश देणारे एफजीएफ-२ आणि पेशींना आधार देणारे फायब्रोनेक्टिन हीसुद्धा त्यांपैकीच. प्लास्टिक पोषक द्रवात किंवा रक्तात बुडताच काही क्षणांत त्यावर प्रथिनांचा थर बसतो, आणि नंतर आलेली पेशी चाचपते ती या थराला, प्लास्टिकला नव्हे. म्हणूनच लेपावर कोणती प्रथिने येऊन बसली, यावर पुढचे सारे ठरते.

मात्र लेप कसा बसवला, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे पावसाळ्यात लोळलेला ऊस आणि ताठ उभा ऊस यांत जो फरक असतो, तोच येथे असतो. हेपॅरिनची साखळी अनेक ठिकाणी जखडली, तर ती पृष्ठभागावर आडवी पडते आणि अँटीथ्रॉम्बिन जेथे बसते तो पाच शर्करांचा नेमका तुकडा झाकला जाण्याची शक्यता असते. मुळात हा तुकडा नेहमीच्या हेपॅरिनच्या सुमारे एक-तृतीयांश साखळ्यांतच असल्याने असे नुकसान परवडत नाही. १९८३ साली स्वीडनमधील संशोधकांनी साखळी केवळ एका टोकाने पॉलिमरला जोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात साखळीचा उरलेला भाग मोकळा राहून काम करू शकतो.

आपल्या मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगावी. टोल्युइडीन ब्लू या रंगद्रव्याच्या निळ्याचा जांभळा होण्यावरून हेपॅरिन किती बसले ते कळते, पण बसलेले हेपॅरिन कार्यक्षम आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी अँटीथ्रॉम्बिन किंवा एफजीएफ-२ त्याला प्रत्यक्ष बांधले जाते का, हे वेगळे तपासावे लागते. नुसता गडद रंग पाहून समाधान मानणे ही प्रयोगातील मोठी चूक ठरेल.

पेशीही सगळ्या सारख्या वागत नाहीत. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींना हेपॅरिनने धरून ठेवलेले एफजीएफ-२ अधिक काळ टिकून उपयोगी पडते, तर वाहिनीच्या भिंतीतील स्नायुपेशींची वाढ हेपॅरिनमुळे मंदावते. उंदरांच्या दुखावलेल्या धमन्यांमध्ये हे १९७७ सालीच दिसून आले होते. स्नायुपेशी बेसुमार वाढल्या की वाहिनी आतून अरुंद होते. म्हणजे अस्तर यावे आणि स्नायुपेशी आवरल्या जाव्यात, या दोन्ही गोष्टी आपल्या वडिलांच्या दृष्टीने हव्याशाच आहेत. मात्र माणसाच्या शरीरात कृत्रिम वाहिनीच्या जोडाकडून सरकत येणारे अस्तर बहुधा टोकापासून एक-दोन सेंटिमीटरच पोहोचते. मधला लांब भाग उघडाच राहतो, आणि तेथे रक्ताशी संबंध येतो तो थेट लेपाचा. त्यामुळे लेप आहे म्हणून वडिलांची रक्त पातळ ठेवणारी औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. आणि हेपॅरिनमुळे त्यांच्या प्लेटलेट पूर्वी कधी घटल्या असतील, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे.