पॅथॉलॉजिस्टने दोन आठवडे आफ्रिकेतल्या हॉस्पिटलात जाऊन खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की, निवृत्तीला आलेला पॅथॉलॉजिस्ट आहे, मलावीतल्या एका जिल्हा हॉस्पिटलाने बोलावलंय, दोन आठवडे स्लाइडी बघून दिल्या तर त्यांना फायदा होईल, की आपलीच हौस? मी मिरजेचा, तुमच्याच धंद्यातला. मलावीला तीनदा जाऊन आलोय. पहिली खेप हौसच होती, हे आधी कबूल करतो.

डोक्यात चित्र असं होतं की, स्लाइडींचा ढीग पडलाय, बघायला कोणी नाही, आपण बसायचं आणि उपसायचा. ढीग होता. पण कितीतरी स्लाइडी वाचण्याजोग्याच नव्हत्या. एक नमुना अजून डोळ्यांपुढे आहे. स्तनाची गाठ, अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबलेली. ताजी, मऊ असताना आत गेली, फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा सडू नये म्हणून घालतात ते द्रावण) कडक झाली, आता बाहेर येईना. शेवटी टॉवेलात गुंडाळून बाटली फोडली. फॉर्मॅलिन तळाशी जेमतेम दोन बोटं, त्यामुळे गाठीचा मधला भाग सडलेला. असा तुकडा जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाकडे पाठवा, उत्तर येणार ‘सांगता येत नाही’. ती बाई मात्र दोन महिने त्या रिपोर्टची वाट बघत होती.

त्याच आठवड्यात मी एका प्लीहेत काळपट तपकिरी कण पाहिले आणि ऐटीत ‘मलेरियाचं पिगमेंट’ म्हणालो. मलेरियाचाच देश, शंका कशाला? तिथला टेक्निशियन अदबीने म्हणाला, “डॉक्टर, हे आमच्याकडे सगळ्याच स्लाइडींवर असतं, गर्भाशयाच्यासुद्धा.” बफर (आम्लता रोखणारे क्षार) न घातलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी बनतं आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशी मिळून असेच कण पाडतं. एमडीला असताना पाठ केलेलं, पण आपल्याकडे तयार बफर केलेलं फॉर्मॅलिन येतं, त्यामुळे विसरलेलं. लिटरमागे सोडियम फॉस्फेटचे दोन क्षार, एक ४ ग्रॅम, दुसरा ६.५ ग्रॅम, एवढाच उपाय. तराजू त्यांच्याकडे होता, क्षार राजधानी लिलाँग्वेहून मागवले.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी मायक्रोस्कोपपाशी कमी आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात जास्त उभा होतो. थिएटरमधल्या सिस्टरना रुंद तोंडाचे झाकणाचे डबे दिले (बाजारात मिळणारे लोणच्याचे प्लास्टिकचे डबे उत्तम चालतात), तुकड्याच्या दसपट फॉर्मॅलिन, मोठी गाठ असेल तर पावासारखी कापून मगच बुडवायची. टिश्यू प्रोसेसर (तुकड्यातलं पाणी काढून त्यात मेण भरणारं यंत्र) रात्री चालवणं बंद केलं. तिथली बरीचशी वीज शिरे नदीवरच्या धरणांतून येते आणि लोडशेडिंग हा शब्द त्यांनाही आपल्याइतकाच पाठ आहे. मध्यरात्री वीज गेली की मेण थिजतं आणि सगळी बॅच त्यात अडकून बसते. हाताने, बरण्यांतून, दिवसा प्रोसेसिंग सुरू केलं. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

आणि शिकवायला जातोय हा भ्रम ठेवू नका. बर्किट लिम्फोमा (मुलांना होणारा, झपाट्याने वाढणारा लसिकापेशींचा कॅन्सर) मी मिरजेत आयुष्यभरात मोजून चार-पाच पाहिले असतील. तिथे जबडा सुजलेलं पोर येतं, सुईने गाठीतल्या पेशी काढतात, गिम्सा नावाच्या रंगाने रंगवतात, आणि टेक्निशियन दुरूनच सांगतो: गडद निळा सायटोप्लाझम, त्यात बारीक बारीक पोकळ्या. ही गाठ एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकते, त्यामुळे सायक्लोफॉस्फमाइड हे कॅन्सरचं औषध सुरू करायला आजचा रिपोर्ट लागतो, पुढच्या महिन्याचा नाही. मूत्राशयाच्या बायोप्सीत शिस्टोसोमा या परजीवी कृमीची टोकाला काटा असलेली अंडी तर मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. आपल्याकडे रत्नागिरीतलं गिमवी सोडलं तर हा आजार पुस्तकातच.

दोन आठवड्यांचा खरा उपयोग तुम्ही परतल्यावर सुरू होतो. लिलाँग्वेच्या कामुझू सेंट्रल हॉस्पिटलात २०११ साली पॅथॉलॉजीची लॅब उभी राहिली. तिथले डॉक्टर आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातले पॅथॉलॉजिस्ट दर आठवड्याला स्कॅन केलेल्या स्लाइडी एकत्र बघतात. रवांडात बुटारोला २०१२ मध्ये कॅन्सर केंद्र सुरू झालं, तेव्हा नमुने आधी बोस्टनला जायचे, मग हळूहळू काम तिथेच होऊ लागलं. जिल्ह्याच्या गावात स्कॅनर कुठला? आम्ही मोबाइल मायक्रोस्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) टेकवून काढलेल्या फोटोंवर भागवतो. नियम दोनच: फोटोत पेशंटचं नाव नको, आणि आधी कमी पॉवरचा फोटो, मग जास्त. हा दुसरा नियम अजून मोडला जातो, मग मी चिडतो.

माझं मत विचाराल तर एकदाच जाणार असाल तर जाऊ नका, तेवढ्या विमानभाड्याची तपासणीची रसायनं घेऊन द्या. दोन-तीन वर्षं त्याच हॉस्पिटलाशी बांधून घेणार असाल तर जरूर जा. मलावी मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी आधी करा, कागद जमवण्यात वेळ जातो. जुनं मशीन दान करायचा मोह आवरा. तिथल्या आमच्या लॅबच्या व्हरांड्यात रक्ततपासणीचा एक झकास अॅनालायझर आहे, त्याची किट कोणी कधी पाठवली नाहीत, आता त्यावर रजिस्टरं ठेवतात. त्यापेक्षा मायक्रोटोमची (स्लाइडीसाठी पातळ काप काढणाऱ्या यंत्राची) पाती न्या. आणि त्यांच्या मायक्रोस्कोपचं मॉडेल विचारून ६ व्होल्ट २० वॅटचे हॅलोजन बल्ब चालत असतील तर डझनभर घ्या, चेक-इन सामानात, मोज्यांत गुंडाळून. माझे तीन फुटले होते.