चिनी-इंग्रजी अनुवादाचं एमए: अर्ज करण्याआधी

जालन्याहून प्रश्न आलाय: बीकॉम झालंय, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी पास आहे, ब्रिटनमध्ये चिनी-इंग्रजी विशेष अनुवादाचं, म्हणजे कायदा-व्यापार अशा ठरावीक क्षेत्रातल्या अनुवादाचं, एमए करावं का?

जरूर करा, पण यंदा नको. तिथलं एमए बहुधा वर्षभराचं, आणि त्यात भाषा शिकवत नाहीत. ती येते असं धरूनच चालतात. वर्गात बहुतेक मुलं चीनमधली असतात. मूळ मजकूर वाचताना त्यांचं अडत नाही, तुमचं अडेल. जुन्या अभ्यासक्रमात चौथ्या पातळीला १२०० शब्द होते, सहावीला ५०००. सहावी झाल्याशिवाय कर्ज काढू नका, हे माझं ठाम मत.

तुमचं बीकॉम मात्र मोठ्या कामाचं आहे. मी वाळूजच्या कारखान्यांसाठी यंत्रखरेदीच्या करारांचे अनुवाद करते. सुरुवातीच्या एका करारात दोन ठिकाणी 'तिंगचिन' होतं. उच्चार तोच, पण चिनी लिपीत पहिलं अक्षर वेगळं. मी दोन्हीकडे 'डिपॉझिट' लिहिलं. खरं तर एक होता इसार. २०२१ पासून लागू असलेल्या चीनच्या नागरी संहितेनुसार देणाऱ्याने करार मोडला तर इसार बुडतो, घेणाऱ्याने मोडला तर दुप्पट परत द्यावा लागतो. दुसरी रक्कम नुसती आगाऊ, सौदा फिसकटला तर साधारणपणे परत मिळणारी. सही होण्याआधी वकिलांच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. जमिनीच्या व्यवहारात इसारपावती पाहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. मला भाषा येत होती, व्यवहार येत नव्हता.

आकड्यांनाही जपा. 'वान' म्हणजे दहा हजार, 'यी' म्हणजे दहा कोटी. इंग्रजीत जाताना आपलं डोकं मध्येच लाख-कोटीत शिरतं. ३५ वान म्हणजे साडेतीन लाख, इंग्रजीत ३५० हजार. मी आजही शून्यं लिहून मोजते.

सहावी पातळी होईतोवर एकच विषय धरा. तुमच्यासाठी खरेदी-विक्रीचे करार. इंग्रजीतले मूळ करार भरपूर वाचा, कारण तुमची परीक्षा शेवटी इंग्रजी लिहिण्यातच होते. अडलेला प्रत्येक शब्द आणि तुम्ही निवडलेला पर्याय कारणासकट वहीत उतरवा. बऱ्याच ठिकाणी प्रबंध म्हणून स्वतःचा अनुवाद आणि त्यावरचं विवेचन चालतं, तेव्हा हीच वही उघडाल.

एखाद्या कराराच्या पाच कलमांचा अनुवाद करून पाठवा, मी लाल पेनाने तपासून देते.